समुद्रावरचा पगार

दोन वर्षांपूर्वी मी आपल्या हाताने माझा पगार तिसऱ्या हिश्श्याने कमी करून घेतला. कारण एकच होतं. माझ्या वडिलांची, म्हणजे आण्णांची, आठवण हळूहळू जात चालली होती, आणि ते मला ओळखतायत तोवर मला त्यांच्याजवळ राहायचं होतं. यात मोठेपणा काही नाही. कुठल्याही मुलाने केलं असतं तेच मी केलं, फक्त ते चुकीच्या रीतीने केलं. कसं चुकलं ते कुणाला तरी सांगून टाकावं म्हणून लिहायला बसलोय.

मी कुंडलचा. हेलिकॉप्टरचा पायलट. आधी सैन्यात होतो, आणि आमच्या भागात त्याचं कुणाला विशेष वाटत नाही, कारण घरटी एक जण सैन्यात असतो. आण्णाही हवालदार म्हणून निवृत्त होऊन उसाच्या शेतीत पडले. सैन्यातून बाहेर पडल्यावर मी मुंबईच्या एका खासगी कंपनीत लागलो. तिचं काम ठरलेलं. मुंबईहून उडायचं, समुद्रात तेलाच्या विहिरींचे लोखंडी फलाट उभे आहेत त्यांच्यावर माणसं उतरवायची, तिथली माणसं घेऊन परत यायचं. आमच्या धंद्यात याला ऑफशोअर म्हणतात. बाकीचं सगळं, म्हणजे पुढाऱ्यांच्या सभा, उद्योगपतींच्या फेऱ्या, देवदर्शन, लग्नात वरून फुलं टाकणं, हे ऑनशोअर. लायसन्स दोन्हीकडे तेच, पगारात मात्र मोठा फरक.

लोकांना वाटतं, ते समुद्राच्या भीतीचे पैसे. मला हसू येतं. समुद्रावर विजेच्या तारा नसतात. तिथे धूळ उठत नाही, कुणी उसाचं पाचट पेटवत नाही, आणि चाकं टेकायच्या आत मोबाइल उंचावून शेपटीच्या पंख्याकडे धावत येणारी गर्दी नसते. तिथे दोन पायलट, दोन इंजिनं, हवामानाचा कागद आधीच हातात, फलाटावर आग विझवणारी माणसं तयार. तेल कंपन्यांच्या अटीच अशा कडक की त्या अटींत बसणारा पायलट महाग पडतो. ढगात समोरच्या यंत्रांच्या नुसत्या काट्यांकडे बघून उडवता यायला हवं, ठरावीक तास गाठीला हवेत, आणि दर काही वर्षांनी पाण्याच्या टाकीत उतरून परीक्षा द्यायची. हेलिकॉप्टरच्या पोकळ सांगाड्यात पट्टे बांधून बसवतात, सांगाडा पाण्यात बुडवून उलटा करतात, आणि आपण श्वास धरून पट्टा सोडायचा नि खिडकीतून बाहेर पडायचं. पैसे त्या सगळ्याचे. जमिनीवरचा पायलट पुष्कळदा एकटाच तारा चुकवत, धूळ खात, घाटातल्या वाऱ्याशी झटत उडतो आणि त्याला कमी मिळतं. मूळ पगार लहान, वर उडलेल्या तासांचा भत्ता. पावसाळ्यात तासच नसतात, मग भत्ताही नाही. यात न्याय शोधायचं मी कधीच सोडून दिलं.

पण समुद्रावरच्या नोकरीत पगाराहून मोठी एक गोष्ट होती आणि ती माझ्या ध्यानातच आली नाही. चार आठवडे काम, चार आठवडे घर. घरच्या आठवड्यांत कंपनी फोनसुद्धा करत नसे. तुमच्या जागी दुसरा माणूस उडत असायचा, तुमची आठवण कुणाला येणार?

पहिल्या खेपेला मी असा महिनाभर घरी राहिलो तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे रजेचा हिशेब सैन्याचा. माणूस वर्षातून एकदा रजेवर येतो, दोन महिने राहतो, ट्रंक उचलून जातो. महिन्याआड घरी बसणारा माणूस लोकांच्या डोक्यात बसेना. दूध डेअरीवर एकाने आण्णांना विचारलंच, "आवं आण्णा, पोराला काढला का काय नोकरीवरनं?" आण्णा तसेच घरी आले, मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून म्हणाले, "काय भानगड केली आसशील तर सांग. आपुन बघू काय करायचं ते."

मी समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना.

"घरी बसून बी पगार?"

"व्हय."

"पुरा?"

"पुरा."

"आन मधीच कुनी बोलवून घेत न्हाई?"

"न्हाई."

दुसऱ्या दिवशी डेअरीवर त्यांनी एकेकाला धरून हे ऐकवलं असणार, कारण आठवड्याभरात सगळ्या गावाला माझ्या नोकरीचे नियम पाठ झाले. त्यानंतर आण्णांनी घरातली कामं माझ्यासाठी राखून ठेवायला सुरुवात केली. विहिरीवरची मोटर जळाली, "पोरगं येऊ दे." बांध फुटला, "पोरगं येऊ दे." दाढ दुखते, तरी डॉक्टरकडे जायचं ते पोरगं आल्यावर. मी आलो की सकाळी सहाला चहाचा कप हातात देऊन मळ्यात न्यायचे. मी सरीतून पाणी फिरवायचो आणि ते बांधावर बसून चुका काढायचे. कंटाळा यायचा मला. खरंच यायचा. दहाव्या दिवशीच वाटायचं, याच्यापेक्षा समुद्र बरा. आज हे लिहिताना स्वतःचा राग येतो.

मग एका दुपारी आण्णा मोटारसायकलवरून पलूसला बँकेत गेले आणि एसटीने परत आले. मोटारसायकल कुठाय म्हटलं तर म्हणाले, चोरीला गेली. शेजारच्या पोलीसपाटलाला घेऊन मी पलूसला गेलो, तर ती बँकेच्या दारात, किल्ली तशीच लटकलेली. आम्ही घरी येऊन पोट धरून हसलो. आण्णाही हसले. पुढे चार-सहा महिन्यांत हसण्यासारखं काही राहिलं नाही. आईला ते आत्याच्या नावाने हाक मारू लागले, जेवून उठले की जेवायचं कधी म्हणून विचारू लागले. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की वर्ष, फार तर दोन वर्षं ते माणसं ओळखतील. मग एकेक चेहरा पुसला जाईल.

नेमकी त्याच सुमारास ती नोकरी चालून आली. कराडजवळ एक उद्योजक होते, ठेकेदारीतून वर आलेले. त्यांनी स्वतःचं हेलिकॉप्टर घेतलं होतं आणि ते कराडला ठेवणार होते. त्यांना या भागातलाच पायलट हवा होता. आमचं बिऱ्हाड कराडलाच, बायको तिथल्या कॉलेजात शिकवते; माझ्या सुट्टीच्या आठवड्यांत ती शनिवार-रविवारी कुंडलला यायची. कुंडल तासाभरावर. पगार तिसऱ्या हिश्श्याने कमी. मी फारसा विचारच केला नाही. समुद्रावर असताना मी आण्णांपासून साडेतीनशे किलोमीटर लांब असायचो, आता तासाभरावर राहणार होतो. मला ते इतकं उघड वाटलं की कागदावर मांडून बघायचीही गरज वाटली नाही.

बायको साताऱ्याची, शांत बोलणारी. ती म्हणाली, "अहो, ही ड्रायव्हरची नोकरी आहे. मालक म्हणेल तेव्हा गाडी काढायची."

मी म्हणालो, "घर तासाभरावर आहे."

"घर तासाभरावर आहे हो. तुम्ही कुठे असाल ते कुठे ठरलंय?"

तेव्हा मी तिला नको ते बोललो. पगार कमी होणार म्हणून तुझ्या पोटात दुखतंय, असं म्हणालो. मुलीचं पुण्यातलं शिक्षण, फ्लॅटचे हप्ते, सगळं तिच्याच पगारातून ओढायची वेळ येणार होती, तरी त्याबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं. ती उठून आत गेली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मी नोकरी धरली.

मालक माणूस वाईट नव्हता. कधी अरेतुरे केलं नाही, दिवाळीला घरी मिठाई पाठवायचा. पण त्याला वेळ नावाची गोष्टच नव्हती. त्याच्या पीएचा निरोप यायचा, "कॅप्टन, उद्या तयार राहा." कुठे जायचं, किती वाजता, परत कधी, काही नाही. मी सकाळी सहाला कपडे करून धावपट्टीवर जाऊन बसायचो. अकराला कळायचं, दुपारी निघू. तीनला कळायचं, आज रद्द. घरी येऊन बूट काढतो तोवर फोन, साहेब पुण्याला निघतायत. पुण्यात गेलो की मुंबई, मुंबईत गेलो की "आलोच आहोत तर शिर्डी करू." एका दिवसाची पिशवी घेऊन निघालेला मी पाच-पाच दिवस त्याच शर्टात फिरलोय. उडण्याच्या तासांना सरकारी नियम आहेत, ते पाळलेही जायचे. वाट बघण्याला कसला नियम? साताऱ्यात एका शाळेच्या मैदानावर लिंबाखाली मी सात तास बसलो होतो. सोबतीला दोन पोलीस आणि अग्निशमनच्या गाडीत घोरणारा माणूस. तिथून कुंडलला मोटारीने जाऊन आण्णांबरोबर जेवून परत आलो असतो तरी चाललं असतं, पण कुठल्याही क्षणी फोन येईल म्हणून हलता येत नव्हतं.

कराडहून सांगलीकडे उडताना कुंडल डाव्या हाताला राहतं. आमच्या घराचे पत्रे, विहीर, पलीकडचा लिंब, सगळं वरून ओळखू येतं. आईने एकदा फोनवर सांगितलं, आवाज आला की आण्णा अंगणात येतात आणि वर बघतात. "पोरगं चाललं म्हंत्यात. कवा येनार म्हून इचारत्यात." मी म्हणालो, रविवारी येतो. रविवारी मी तिरुपतीला होतो.

तरी मला वाटायचं, होईल, बस्तान बसायला वेळ लागतो. मग ती मिरजेची तारीख आली.

आण्णांना सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला न्यायचं होतं. सकाळी अकराची वेळ. मी महिनाभर आधी पीएला सांगून ठेवलं होतं, आदल्या दिवशी पुन्हा आठवण दिली. तो म्हणाला, निवांत जावा. संध्याकाळी त्याचाच फोन. मालकांच्या मित्राच्या मुलीचं लग्न पलूसला आहे, वरून फुलं टाकायचीत, अर्ध्या तासाचं काम आहे. पलूस म्हणजे कुंडलच्या दाराशी. मुहूर्त कितीचा ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी म्हटलं, ठीक, साडेनऊला उतरतो, दहाला निघतो.

साडेनऊला लग्नमंडपामागच्या मोकळ्या रानात उतरलो तर फुलांची अकरा पोती तयार. उघडून बघतो तर अख्खे झेंडू, देठांसकट, दोऱ्यात ओवलेल्या माळा, रबरबँड, आणि एका पोत्यात चक्क नारळ. कुणी घातला कळेना. पूजेचा असेल, म्हणाले. हेलिकॉप्टरातून फक्त सुट्या पाकळ्या टाकतात. माळ शेपटीच्या पंख्यात गेली तर लग्नघराचं काय होईल, हे मला नवरीच्या मामाला तीन वेळा सांगावं लागलं. मग ताडपत्री पसरली. भरजरी साड्या नेसलेल्या पंधरा-वीस बायका आणि फेटे बांधलेले चार पाहुणे पाकळ्या तोडायला बसले. एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे बघत म्हणाले, "गड्या, तुजा पगार लय आसंल, न्हवं?" मी म्हटलं, "तसा हाय." घड्याळात अकरा वाजत होते. मी मामाला म्हटलं, मला जायचंय, वडील आजारी आहेत. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "कॅप्टन, एवढं पोरीचं होऊ द्या." पीएला फोन लावला, तो म्हणाला, "थोडं सांभाळून घ्या, साहेबांचा शब्द गेलाय."

साडेबाराच्या मुहूर्ताला मी वर गेलो. खाली मंगलाष्टकं चालली असतील, मला काय ऐकू येणार? वाऱ्याने निम्म्या पाकळ्या शेजारच्या उसात गेल्या.

आण्णांना मिरजेला बायकोने नेलं, रजा टाकून. तिने संध्याकाळी सांगितलं की ते गाडीतून उतरायलाच तयार नव्हते. दवाखान्याच्या दारात अर्धा तास गाडीत बसून राहिले. "पोरगं येऊ दे, मग जाऊ," एवढंच म्हणत होते. आत जाईपर्यंत वेळ उलटून गेली होती, डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. नवी तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली.

मी जेवणाच्या टेबलाशी तसाच बसलो. शर्टाच्या खिशात झेंडूच्या पाकळ्या निघाल्या.

ती म्हणाली, "एक सांगू? समुद्रावर होतात तेव्हा वर्षातले सहा महिने तुम्ही घरात होतात. या वर्षात आण्णांपाशी सलग तीन दिवस कधी राहिलात?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. शिक्षिका आहे, उत्तर येत नसलेल्या मुलाला विचारतात तसं विचारलं. मला एकदाही आठवेना. दिवाळीत दोन दिवस होतो, पाडव्याला फोन आला होता. मी म्हणालो, "तुझं खरं होतं. आणि त्या दिवशी मी तुला पैशावरून बोललो, ते चुकलं." ती म्हणाली, "आता जेवून घ्या."

मी अंतर बघितलं होतं, दिवस बघितले नव्हते. सैन्यात वाढलेल्या घरात असंच होतं बहुतेक. पोस्टिंग घराच्या जवळ मिळालं की सगळं मिळालं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पायलट म्हणून इंधनाचा शेवटचा लिटर मोजणारा मी, स्वतःच्या बाबतीत साधी बेरीज करायला विसरलो. आणि जास्त पगारात जी सुट्टी होती तीच सोडून कमी पगारात नुसती वाट बघणं विकत घेतलं. फार थकवा आला त्या दिवशी. अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या जुन्या कंपनीला फोन केला. तिथले मुख्य पायलट मला चांगले ओळखतात. ते म्हणाले, "तुझी जागा भरली, अरे. यादी मोठी आहे. आणि तुझी पाण्याच्या टाकीची मुदतही संपली असेल." संपलीच होती. नाव लिहून ठेवतो म्हणाले. या गोष्टीला आता आठ महिने झाले. मी अजून कराडलाच आहे.

मागच्या महिन्यातली गोष्ट. मालक सांगलीला एका बैठकीला अडकले आणि पीए म्हणाला, रात्री मुक्काम आहे, सकाळी सातला या. मी भाड्याची गाडी केली आणि थेट कुंडलला गेलो. ऊन उतरत होतं. अंगात पांढरा शर्ट, खांद्यावर काळ्या पट्ट्या, बदलायला वेळ मिळाला नव्हता. आण्णा ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला बघून खुर्चीचे हात धरून सावकाश उठले आणि ताठ उभे राहिले.

"या साहेब," म्हणाले. "बसा."

मी आधी चेष्टा समजलो. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मी समोरच्या कट्ट्यावर बसलो, तेव्हा कुठे तेही बसले. आई दारात आली, पदर तोंडाशी धरून तिथेच थांबली. मी तिला हातानेच सांगितलं, राहू दे.

"कुठलं तुमी?"

"कराडचा."

"काय करता?"

"हेलिकॉप्टर चालवतो."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. असा चेहरा मी किती दिवसांत बघितला नव्हता. "आमचं पोरगं बी चालवतंय. समुद्रावर आसतंय. तुमी?"

"मी हितंच. जमिनीवर."

"पगार किती मिळतो, इचारू का?"

मी आकडा सांगितला. खरा सांगितला.

आण्णांनी माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांकडे बघितलं. माझ्या मनाला लागू नये असं काही ते शोधत असावेत. "कमी हाय वो," शेवटी हळूच म्हणाले. "पर पैशाचं ऱ्हाऊ द्या. समुद्रावरच्याला घरी ऱ्हायाला मिळतं. आमचं पोरगं आलं की म्हैनाभर कुटं हालत न्हाई. माज्यासंगट मळ्यात येतं. मदी कुनी बोलवत न्हाई त्येला." मग पुढे वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमच्या घरी कोन हाय?"

"वडील हाईत," मी म्हणालो. "थकल्यात."

"मग तर समुद्रावरच जावा, साहेब," आण्णा म्हणाले. "येळ करू नका."